शास्त्रीय संज्ञेतला ‘नैसर्गिक’ कसा वाचायचा

नैसर्गिक वायू, नैसर्गिक संख्या, नैसर्गिक निवड, नैसर्गिक वारंवारता, नैसर्गिक युरेनियम. विशेषण एकच, पण पाचही ठिकाणी अर्थ वेगळा. विज्ञानाचा मजकूर तपासणं हे माझं रोजचं काम. आज रसायनशास्त्राचा धडा, उद्या गणिताचा, परवा कुणाचा तरी लसीकरणावरचा लेख. त्यात ‘नैसर्गिक म्हणजे निसर्गात आढळणारे’ अशी व्याख्या आली की मी समासात पेन्सिलीने दोन शब्द लिहिते : कशाच्या विरुद्ध? व्याख्या दरवेळी चुकीचीच असते असं नाही. पण तिच्यातून वाचकाच्या हाती काही लागत नाही, आणि काही संज्ञांमध्ये तर ती थेट उलट अर्थ देते.

माझी सगळी पद्धत या एका प्रश्नावर उभी आहे. विज्ञानात ‘नैसर्गिक’ हे विशेषण सहसा एकटं येत नाही, त्याच्यासमोर एक जोडीदार असतो. कधी तो शेजारच्याच ओळीत असतो, कधी शोधावा लागतो. जोडीदार सापडला की अर्थ सापडला.

सोप्यापासून सुरुवात करा. चंद्र हा पृथ्वीचा नैसर्गिक उपग्रह. ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक अवकाशात गेला, त्याआधी चंद्राला नुसतं उपग्रह म्हटलं तरी भागायचं. जोडीदार आला आणि विशेषणाची गरज पडली. नैसर्गिक वायूचंही तसंच. १९ व्या शतकात शहरांतले दिवे ज्या वायूवर जळायचे, तो दगडी कोळसा हवाबंद भट्टीत तापवून कारखान्यात तयार केला जायचा. त्याच्यासमोर जमिनीतून आयताच मिळणारा तो नैसर्गिक. एवढाच त्या शब्दाचा अर्थ. म्हणूनच सेंद्रिय कचरा कुजवून मिळणाऱ्या वायूतही मुख्य ज्वलनशील घटक मिथेनच असतो, कुजणंही निसर्गातलंच, तरी त्याला बायोगॅस म्हणतात, नैसर्गिक वायू म्हणत नाहीत. आणि नैसर्गिक वायू हे खनिज तेलासारखंच जीवाश्म इंधन आहे. नावातल्या विशेषणाने त्याला पर्यावरणस्नेही ठरवायचं कारण नाही. न जळता हवेत सुटलेला मिथेन १०० वर्षांच्या हिशेबात तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा २५ पटींहून जास्त उष्णता अडवतो.

जोडीदार सापडल्यावर पुढचा प्रश्न : विशेषण नेमकं कोणत्या गोष्टीबद्दल बोलतंय? पदार्थाच्या उगमाबद्दल, प्रमाणाबद्दल, वागण्याबद्दल, की आपल्या मोजण्याच्या रीतीबद्दल? इथेच बहुतेक घोटाळे होतात.

प्रमाण नैसर्गिक, पदार्थ नव्हे

‘नैसर्गिक युरेनियम’ हे शब्द ऐकले की डोळ्यांसमोर खाणीतला दगड येतो. प्रत्यक्षात हा शब्द अणुभट्टीच्या इंधनालाही लावतात, आणि ते इंधन म्हणजे खनिज दळून, आम्लात विरघळवून, शुद्ध करून, भाजून केलेल्या ऑक्साइडच्या घट्ट गोळ्या असतात. एवढ्या कारखानदारीनंतर त्यात नैसर्गिक काय उरलं? समस्थानिकांचं, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचं, प्रमाण. युरेनियम-२३८ सुमारे ९९.२७ टक्के आणि युरेनियम-२३५ सुमारे ०.७२ टक्के. या प्रमाणाला हात लावलेला नाही, एवढंच ते विशेषण सांगतं. जोडीदार आहे ‘समृद्ध युरेनियम’, ज्यात २३५ चं प्रमाण मुद्दाम वाढवलेलं असतं. वीज तयार करणाऱ्या बहुतेक भट्ट्यांत ते ३ ते ५ टक्के असतं.

हे प्रमाण किती ठाम असतं ते १९७२ साली कळलं. फ्रान्समध्ये इंधनप्रक्रियेच्या नेहमीच्या तपासणीत एका नमुन्यात युरेनियम-२३५ चं प्रमाण ०.७२०२ टक्क्यांऐवजी ०.७१७१ टक्के भरलं. फरक दशांशचिन्हानंतरच्या तिसऱ्या स्थानावर. तरी तपासणाऱ्यांनी तो सोडला नाही, कारण पृथ्वीवर कुठलंही खनिज घेतलं तरी हा आकडा जवळपास तोच येतो. माग काढत ते आफ्रिकेतल्या गॅबॉन देशात ओक्लोच्या खाणीपर्यंत पोहोचले. तिथलं थोडं युरेनियम-२३५ आधीच खर्ची पडलं होतं! सुमारे २ अब्ज वर्षांपूर्वी पृथ्वीवरच्या युरेनियममध्ये २३५ चं प्रमाण ३ टक्क्यांच्या वर होतं, म्हणजे आजच्या समृद्ध इंधनाइतकं. खडकांत झिरपलेल्या पाण्याने न्यूट्रॉनचा वेग कमी केला आणि विखंडनाची, म्हणजे अणू फुटण्याची, साखळी आपोआप सुरू झाली. उष्णता वाढली की पाण्याची वाफ होऊन साखळी थांबायची, पुन्हा पाणी झिरपलं की सुरू व्हायची. याला ‘नैसर्गिक अणुभट्टी’ म्हणतात, आणि तिथे विशेषण पुन्हा उगमाबद्दल बोलतं. जोडीदार : माणसाने बांधलेली भट्टी, जी पहिल्यांदा चालली २ डिसेंबर १९४२ ला, शिकागोत.

पाहा, एकाच खाणीच्या गोष्टीत विशेषणाचे दोन अर्थ आले. अशा मजकुरात मी दोन्ही ठिकाणी वेगवेगळी खूण करते. तुम्हीही करा. एका पानावरचा अर्थ दुसऱ्या पानावर चालेल असं गृहीत धरू नका.

रसायनशास्त्रातली ‘नैसर्गिक विपुलता’ याच घरातली. क्लोरीन-३५ सुमारे ७६ टक्के, क्लोरीन-३७ सुमारे २४ टक्के, म्हणून क्लोरीनचं अणुवस्तुमान ३५.५ च्या आसपास. तो अपूर्णांक पाठ करायला लावण्याआधी हे प्रमाण सांगितलं तर मुलांना पाठ करावंच लागत नाही.

कुणी ढकलत नसताना

भौतिकशास्त्रात आणि अभियांत्रिकीत ‘नैसर्गिक’ बहुतेक वेळा वागण्याबद्दल बोलतो. वस्तू तिच्या तिच्यावर सोडली तर कशी वागते, हा त्याचा अर्थ, आणि जोडीदार असतो बाहेरून लादलेला बदल.

हे हाताने करून पाहा. एका दोऱ्याला लोखंडी नट बांधा. बोटांच्या पकडीपासून नटाच्या मध्यापर्यंत सुमारे २५ सेंटीमीटर अंतर ठेवा. नट थोडा बाजूला नेऊन सोडा. एक पूर्ण हेलकावा, म्हणजे जाऊन परत यायला, जवळपास १ सेकंद लागेल. मोठा नट बांधला तरी तेवढाच वेळ, फक्त पकडीपासून मध्यापर्यंतचं अंतर तेच हवं. अंतर चौपट म्हणजे १ मीटर केलंत तर वेळ दुप्पट, २ सेकंद. सेकंदाला किती हेलकावे, ही त्या लोलकाची नैसर्गिक वारंवारता. आता २५ सेंटीमीटरवर परत या आणि बोटं अगदी किंचित डावी-उजवी हलवा, नटाच्या तालाशी ताल जुळवून. थोड्याच वेळात नट मोठाले झोके घेऊ लागेल. तेच हात भराभर हलवा : दोऱ्याचं वरचं टोक थरथरेल, नट जवळपास जागच्या जागी राहील. हाताची वारंवारता लादलेली, नटाची स्वतःची. दोन्ही जुळल्या की अनुनाद.

दोरा नायलॉनचा, नट कारखान्यातला, तरी वारंवारता नैसर्गिक. ‘निसर्गात आढळणारी’ ही व्याख्या इथे लावून पाहिली की ती किती अपुरी आहे ते लगेच दिसतं. पूल, इमारती, इंजिनं या सगळ्यांना अशा वारंवारता असतात आणि त्या आधी काढाव्या लागतात. लंडनचा मिलेनियम ब्रिज जून २००० मध्ये उघडला आणि लोक चालू लागताच आडवा हलू लागला. चालणारा माणूस प्रत्येक पावलाला आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे थोडा रेटा देतो, आणि त्याचा ताल पुलाच्या आडव्या हलण्याच्या तालाजवळ आला होता. पूल हलला की लोक तोल सावरायला त्याच्याच तालात पावलं टाकायचे, त्यामुळे हलणं वाढायचं. पूल दोन दिवसांत बंद करावा लागला. धक्के शोषणारी उपकरणं बसवून तो २००२ मध्ये पुन्हा खुला झाला.

‘नैसर्गिक अभिसरण’ याच कुळातलं. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, गार हवा तिची जागा घेते, पंखा किंवा पंप नाही. जोडीदार : पंख्याने किंवा पंपाने घडवलेलं अभिसरण. उष्णता देणारा हीटर यंत्रच असला तरी चालतं. प्रवाहाला ढकलणारं यंत्र नसलं म्हणजे झालं. यात गुरुत्वाकर्षणाचा वाटा किती मोठा आहे ते अंतराळ स्थानकावर कळतं. तिथे वजन जाणवत नाही, त्यामुळे ‘हलकी हवा वर’ हा प्रकारच नाही. मेणबत्तीची ज्योत निमुळती होत नाही, गोलसर आणि निळसर होते. म्हणून तिथे हवा सतत पंख्यांनी खेळती ठेवावी लागते, नाहीतर झोपलेल्या अंतराळवीराच्या चेहऱ्याभोवती त्याच्याच उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड साचत जातो.

निवडणारा कुणी नाही

‘नैसर्गिक निवड’ ही संज्ञा मला सगळ्यांत जपून वाचावीशी वाटते. तिचा जोडीदार डार्विनने स्वतःच समोर ठेवला होता. ‘ऑरिजिन ऑफ स्पीशीज’ या १८५९ च्या ग्रंथाची सुरुवात त्याने जंगलापासून केली नाही, पाळीव प्राण्यांपासून केली. कबुतरं पाळणारा हवी तशी जोडी लावतो, पिल्लांतली हवी ती ठेवतो आणि काही पिढ्यांत शेपटीचा पिसारा बदलून टाकतो. ही कृत्रिम निवड. तिथे निवडणाऱ्याच्या मनात काहीतरी असतं. नैसर्गिक निवडीत ते मन नसतं. ज्यांची पिल्लं जास्त जगतात, त्यांचे गुण पुढच्या पिढीत जास्त दिसतात, बस.

पण ‘निवड’ म्हटलं की निवडणारा आलाच, असं वाचणाऱ्याला वाटतं. नैसर्गिक निवडीची कल्पना स्वतंत्रपणे मांडणाऱ्या आल्फ्रेड वॉलेसला हीच चिंता होती. १८६६ मध्ये त्याने डार्विनला पत्र लिहून हर्बर्ट स्पेन्सरचा ‘सर्वांत अनुकूल त्याचा टिकाव’ हा शब्दप्रयोग वापरायचा आग्रह केला, आणि १८६९ च्या आवृत्तीत डार्विनने तो घेतला. त्याने वेगळाच गैरसमज पसरला, की बलवान तोच टिकतो. म्हणून मजकुरात ‘निसर्ग निवडतो’, ‘निसर्गाला हवे असते’ अशी वाक्यं आली की मी ती बदलायला सांगते. क्रियापदाचा कर्ता निसर्ग ठेवूच नका. ‘अमुक गुण असलेल्यांची संतती जास्त टिकली’ असं लिहा. वाक्य लांबेल, लांबू द्या.

इथे एक परीक्षा घ्या. जीवाणू प्रतिजैविकाला दाद देईनासे होतात, ही कोणती निवड? औषध माणसाने दिलेलं, दवाखाना माणसाचा, म्हणून कृत्रिम असं उत्तर पटकन येतं. पण जोडीदाराचा प्रश्न लावा. औषधाला न जुमानणारे जीवाणू कुणी मुद्दाम निवडून वाढवले का? नाही. ते टिकले म्हणून वाढले. निवड नैसर्गिकच, परिस्थिती तेवढी माणसाने तयार केली. याउलट प्रयोगशाळेत एखाद्या विकराचे (एन्झाइमचे) असंख्य बदललेले नमुने करून त्यांतला हवा तो मुद्दाम वेचतात, पुन्हा बदलतात, पुन्हा वेचतात. फ्रान्सेस अर्नोल्ड यांना २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल या कामासाठी मिळालं. ती कृत्रिम निवड. परिस्थिती कुणी बनवली यावर उत्तर ठरत नाही, हेतू होता की नाही यावर ठरतं.

गणितात निसर्ग कुठून आला

नैसर्गिक संख्या म्हणजे मोजायच्या संख्या. समोर ऋण संख्या आणि अपूर्णांक. शून्य आत की बाहेर, यावर मात्र एकमत नाही. शालेय पुस्तकं १ पासून सुरू करतात, तर्कशास्त्र आणि संगणकशास्त्राची बरीच पुस्तकं ० पासून. इटालियन गणिती पेआनोने १८८९ मध्ये १ पासून सुरुवात केली आणि नंतर स्वतःच ० वर आला. म्हणून पुस्तक उघडलं की आधी त्याने काय ठरवलंय ते पाहायचं, भांडायचं नाही.

नैसर्गिक लॉगॅरिदमला जास्त वेळ द्या. पाया २.७१८२८… असा वाकडा आकडा, आणि त्याला म्हणे नैसर्गिक! जोडीदार आहे १० पाया असलेला सामान्य लॉगॅरिदम. आणि १० कुठून आला? आपल्या दहा बोटांतून. म्हणजे या जोडीत माणसाच्या सोयीचा तो दुसरा. आता कॅल्क्युलेटर घ्या. १.०१ चा नैसर्गिक लॉगॅरिदम काढा : ०.००९९५. १.०२ चा : ०.०१९८. १.०५ चा : ०.०४८८. एक टक्का वाढीला जवळपास ०.०१, दोन टक्क्यांना जवळपास ०.०२. लहान बदल जसाच्या तसा उत्तरात उतरतो. आता १० च्या पायावर १.०१ चं उत्तर काढा : ०.००४३२. प्रत्येक वेळी ०.४३४३ चा गुणक मध्ये येतो, आणि तो आपण दहा निवडल्यामुळे आलेला आहे. तो गुणक जिथे नाहीसा होतो, तो पाया नैसर्गिक. हे विशेषण १६६८ मध्ये निकोलस मर्केटर या गणितीच्या लिखाणात दिसतं. किरणोत्सारी पदार्थाचं अर्धायुष्य काढताना जो ०.६९३ येतो, तो २ चा नैसर्गिक लॉगॅरिदमच.

एकच संज्ञा, दोन शाखा

आता अवघड भाग. काही संज्ञांना शाखा बदलली की जोडीदारही बदलतो.

‘नैसर्गिक प्रकाश’ वास्तुरचनेत म्हणजे उन्हाचा, दिव्याच्या विरुद्ध. प्रकाशशास्त्राच्या जुन्या-नव्या पुस्तकांत मात्र ज्याच्या लहरींची कंपनं सगळ्या आडव्या दिशांना सारखीच विखुरलेली असतात, तो नैसर्गिक प्रकाश. समोर ध्रुवीकरण झालेला प्रकाश, ज्याची कंपनं अशी सारखी विखुरलेली नसतात. या दुसऱ्या अर्थाने साध्या विजेच्या दिव्याचा प्रकाश नैसर्गिक ठरतो, आणि सूर्यापासून ९० अंशांवरच्या निळ्या आकाशाचा प्रकाश बराचसा ध्रुवीकरण झालेला असल्यामुळे नैसर्गिक ठरत नाही. पहिला अर्थ घेऊन दुसऱ्या पुस्तकात शिरलात तर सगळं उलटं वाचाल.

‘नैसर्गिक प्रतिकारशक्ती’त धोका याहून मोठा, कारण तिथे निर्णय आरोग्याचे असतात. एका अर्थी ती जन्मजात : त्वचा, ताप, जंतू गिळणाऱ्या पेशी. जोडीदार : नंतर मिळवलेली. दुसऱ्या अर्थी ती आजार होऊन मिळालेली, आणि जोडीदार लसीने मिळालेली. आईकडून नाळेतून आलेली प्रतिपिंडंही ‘नैसर्गिकरीत्या’ मिळालेलीच. लेखात कोणता अर्थ आहे हे पहिल्या परिच्छेदात ठरलं नाही, तर मी लेख परत पाठवते. आणि ‘नैसर्गिक ती जास्त चांगली’ असा सूर दिसला तर धनुर्वाताचं उदाहरण पुढे ठेवते. धनुर्वाताचं विष इतकं जहाल की जीवघेणी मात्राही शरीराला ओळख पटवायला पुरत नाही. आजारातून वाचलेल्याला त्यातून प्रतिकारशक्ती मिळत नाही, त्याला लस द्यावीच लागते. इथे ‘नैसर्गिक’ वाट उपलब्धच नाही.

‘नैसर्गिक मारक पेशी’ ही संज्ञा १९७५ च्या सुमाराची. आधी ओळख न करून देताही या पेशी कर्कपेशींना मारतात असं दिसलं, म्हणून ‘नैसर्गिक’. समोर त्या पेशी, ज्यांना आधी शत्रूची ओळख लागते.

रसायनशास्त्रात ‘नैसर्गिक उत्पाद’ म्हणजे सजीवांनी घडवलेले रेणू. पेनिसिलिन त्यात येतं आणि माहीत असलेल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक, बोट्युलिनम, तेही सजीवाचीच निर्मिती. असा रेणू प्रयोगशाळेत पहिल्यापासून जुळवला तरी तो ‘नैसर्गिक उत्पाद’च राहतो, कारण विशेषण रेणूच्या रचनेला चिकटलंय, बाटलीतल्या नमुन्याला नाही. किरणोत्सारात याच्या बरोबर उलट. कार्बन-१४ वैश्विक किरणांमुळे वातावरणात सतत तयार होतो, तो नैसर्गिक. पण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत झालेल्या अणुचाचण्यांनी हवेतलं त्याचं प्रमाण जवळपास दुप्पट केलं. अणू तोच, अर्धायुष्य तेच ५,७३० वर्षं. नैसर्गिक की कृत्रिम हे त्या अणूचा इतिहास सांगतो. टेक्नेशियम हे मूलद्रव्य १९३७ मध्ये कणांना वेग देणाऱ्या यंत्रातून निघालेल्या नमुन्यात ओळखलं गेलं, त्याचं नावच ‘कृत्रिम’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ठेवलं, आणि पुढे ते युरेनियमच्या खनिजात अत्यल्प प्रमाणात सापडलं.

व्याख्या लिहायची वेळ आली की जोडीदार वाक्यातच ठेवा, तळटीपेत नको. ‘नैसर्गिक अभिसरण : पंखा किंवा पंप न वापरता, केवळ घनतेतल्या फरकामुळे गुरुत्वाकर्षणाखाली होणारी द्रव किंवा वायूची हालचाल.’ ‘नैसर्गिक युरेनियम : ज्यातील समस्थानिकांचे प्रमाण समृद्धीकरणाने बदललेले नाही असे युरेनियम, मग ते खनिजात असो वा शुद्ध केलेले.’ जोडीदार सापडतच नसेल, तर पुस्तकाच्या सूचीत त्याच नामाच्या आसपासच्या नोंदी वाचा. ‘अभिसरण’ या नोंदीखालीच बहुतेक वेळा दोन्ही प्रकार शेजारी असतात. दोन शाखांत दोन अर्थ निघाले, तर ‘प्रकाशशास्त्रात’, ‘वास्तुरचनेत’ असं शाखेचं नाव व्याख्येच्या पहिल्या शब्दात घाला, आणि दोन्ही व्याख्या एकाखाली एक द्या.